सुफळ संपूर्णच्या पुढचं पान

मध्यरात्र. लग्न ठरलेली एक मुलगी न्हाणीघरात फरशीवर बसून ओकतेय. पलीकडच्या पलंगावर तिचा होणारा नवरा झोपलाय. खरंच झोपलाय की जागा असून पडून राहिलाय, तिला कळत नाही. ओकून झालं की ती तोंड धुते आणि परत येऊन त्याच्या शेजारी आडवी होते. सकाळी त्याविषयी कुणी अक्षर काढत नाही.

सारा जे. मास या अमेरिकन लेखिकेच्या 'अ कोर्ट ऑफ मिस्ट अँड फ्युरी' या कादंबरीत हे अगदी सुरुवातीलाच येतं. मी ते वाचलं संध्याकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये. घाटकोपरला एकदाची चौथी सीट मिळाली, मोबाइल उघडला, दोन पानं वाचली आणि मोबाइल मांडीवर पालथा घातला. समोरची बाई पिशवीत मटार सोलत होती. म्हणाली, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "नाही हो, गोष्ट वाचतेय." तिनं माझ्याकडे जरा बघितलं आणि दोन कोवळ्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या.

मी बेचाळीस वर्षांची. परीराज्यातली प्रेमप्रकरणं वाचायचं माझं वय नाही, असं माझंच मत होतं. हे खूळ डोक्यात घातलं भाचीनं. ती एकोणीस वर्षांची आहे, आणि या प्रकाराला तिच्या पिढीनं 'रोमँटसी' असं सुटसुटीत नाव ठेवलंय. २०१५ मध्ये आलेला पहिला भाग तिनं माझ्या गळ्यात मारला. मी वाचला आणि सांगितलं, ठीक आहे, लहानपणी ऐकलेलीच गोष्ट आहे, फक्त सहाशे मसाले घातलेत. तर म्हणाली, "मावशी, दुसरा वाच. मग बोल."

पहिल्या भागाची गोष्ट थोडक्यात सांगते. फेरा नावाची एकोणीस वर्षांची मुलगी. (नावाच्या स्पेलिंगवरून उच्चार लागत नाही, लेखिकेनं सांगितलेला उच्चार मराठीत लिहिला की 'फेरा' होतो. पूर्ण पुस्तकभर मला लग्नाचे नाहीतर चौऱ्याऐंशी लक्ष योनींचे फेरे आठवत राहिले, त्याला इलाज नाही.) घर खालावलेलं, बाप खचलेला, दोन बहिणींची पोटं हिच्या शिकारीवर भरायची. एकदा जंगलात ती एक लांडगा मारते. तो लांडगा नसून परीलोकातला निघतो, आणि भरपाई म्हणून तिला टॅमलिन नावाच्या सरदाराबरोबर वसंताच्या दरबारात जाऊन राहावं लागतं. टॅमलिनला नख्या फुटतात, त्याचं श्वापद होतं, चेहऱ्यावर शापानं चिकटलेला मुखवटा. म्हणजे ती जुनी फ्रेंच कथाच, सुंदरी आणि श्वापदाची. मादाम द व्हिलनव्हनं १७४० मध्ये ती लांबलचक लिहिली, १७५६ मध्ये मादाम द बोमाँनं छाटून मुलींच्या शिक्षणासाठी सुटसुटीत केली, आणि तेव्हापासून जगभरच्या मुलींना कळत आलंय की जनावरावर धीरानं प्रेम केलं तर आतून राजपुत्र निघतो.

टॅमलिन हे नावही मासबाईंनी उगीच ठेवलेलं नाही. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचा एक जुना पोवाडा आहे, 'टॅम लिन'. त्यात परीराणीनं पळवलेल्या प्रियकराला सोडवायला जॅनेट नावाची मुलगी मध्यरात्री जाते. अट एकच. त्याला घोड्यावरून खाली ओढायचं आणि घट्ट धरून ठेवायचं. तो हातात साप होईल, अस्वल होईल, सिंह होईल, तापलेलं लोखंड होईल, सोडायचं नाही. ती सोडत नाही आणि शेवटी हातात माणूस उरतो.

पोवाडा फार देखणा आहे. पण बेचाळिसाव्या वर्षी त्यातलं मला एवढंच दिसलं: तापलेलं लोखंड आणि सोडायचं नाही. हा सल्ला मी मराठीत ऐकलेला आहे. शब्द वेगळे होते. "थोडं धरून राहा, होईल सगळं नीट."

फेराही धरून राहते. पहिल्या भागाच्या शेवटी ती टॅमलिनच्या सुटकेसाठी दुष्ट राणी अमारँथाच्या डोंगराखालच्या दरबारात तीन अग्निपरीक्षा देते. तिसऱ्या परीक्षेत तिला निरपराध जीव स्वतःच्या हातानं मारावे लागतात. ती स्वतः मरते, सात सरदार मिळून तिला परत जिवंत करतात, आता ती माणूस राहिलेली नाही. राणी मेली, शाप सुटला, मुखवटे गळाले, दोघं हातात हात घालून घरी. श्रावणात आजी जिवतीची कहाणी वाचायची, तिचा शेवट असाच व्हायचा: ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. हातातल्या अक्षता टाकायच्या, पोथी मिटायची, पुरणाच्या पानावर बसायचं.

दुसरा भाग पोथी मिटल्यानंतर तीन महिन्यांनी उघडतो, आणि तिथं ही मुलगी फरशीवर बसून ओकतेय.

मला या पुस्तकाचं जे भारी वाटलं ते हे. लेखिकेनं स्वतःच लिहिलेला गोड शेवट स्वतः मागे घेतला. ज्या पुरुषासाठी नायिका मेली, तो पुरुष तिच्यासाठी चुकीचा आहे, हे तिनं सहाशेहून जास्त पानं खर्चून सांगितलं. टॅमलिनला एका रात्रीत राक्षसही केलं नाही, तसं करणं फार सोपं होतं. त्यालाही स्वप्नं पडतात. रात्री दचकून उठला की तो श्वापद होऊन पलंगाच्या पायथ्याशी पहारा देत बसतो. पहारा देतो, पण ती ओकत असताना उठून न्हाणीघरात येत नाही.

एकेक गोष्ट बघा. ती म्हणते, मला लढायला शिकव. तो म्हणतो, कशाला, मी आहे ना. ती म्हणते, सीमेवर तुझ्याबरोबर येते. तर म्हणे, तिकडे धोका आहे. वसुलीच्या दिवशी पाण्यातल्या गरीब जलपऱ्यांना खंडणी परवडत नाही, फेरा आपले दागिने काढून देते, तर तो चिडतो, कारण रीत म्हणजे रीत. (या जलपऱ्या पुढे फेरा बुडत असताना येऊन उपकार फेडतात. मला तो प्रसंग मुख्य प्रेमकथेपेक्षाही आवडला.) ती विचारते, लग्नानंतर माझं स्थान काय, मीही तुझ्याबरोबरीची सरदारीण होणार का? तो सांगतो, तसलं पद नसतं. एकदा वाद होतो, त्याचा ताबा सुटतो, त्याच्या रागानं अभ्यासिकेच्या चिंधड्या उडतात. तो रडतो, माफी मागतो. काही दिवस सैल सोडतो. मग परत आवळतो. शेवटी एके दिवशी तो बाहेर जाताना जादूनं अख्खा वाडा बंद करून जातो. डोंगराखाली कोंडून राहिलेली मुलगी, हे सगळ्यांत जास्त ज्याला माहीत आहे, तोच तिला कोंडतो. आणि मनापासून कोंडतो. काळजी वाटते म्हणून.

मराठीत या शब्दाची मोठी गंमत आहे. काळजी एकच, पण ती करता येते आणि घेताही येते. काळजी करणारा माणूस स्वतःच्या जिवाची धडधड शांत करायला बघत असतो. काळजी घेणाऱ्याला समोरच्याकडे बघावं लागतं. आपण दोन्हींना एकच नाम वापरतो आणि क्रियापद गिळून टाकतो. "तुझ्या काळजीपोटीच बोलतोय ना." कुठली काळजी? केलेली की घेतलेली?

माझं लग्न अडीच वर्षं टिकलं. चौदा वर्षं झाली त्याला. माणूस निर्व्यसनी, हात कधी उगारला नाही, सासरचे लोकही बरे. आधी स्कूटीची किल्ली गेली. दाराजवळच्या हुकाला असायची, एका पावसाळ्यात ती त्याच्या खिशात राहायला लागली. रस्ते घसरडे असतात. मग शनिवारचा मोडीचा वर्ग गेला. मी तेव्हा मोडी लिपी शिकत होते, हौस म्हणून. आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग त्या रेघेला अक्षरं टांगत जायची, लेखणी शक्यतो न उचलता. वर्गात वाचायला जुने जमिनीचे कागद असायचे, मौजे अमुक, तर्फ तमुक, कुणाच्या बांधाचं कुणाशी भांडण. भयंकर कंटाळवाणं आणि मला भयंकर आवडायचं. "शनिवारी लोकलला किती गर्दी असते, कशाला जीव धोक्यात घालतेस?" जीव धोक्यात! मी ठाण्याहून दादरला जात होते. मग मैत्रिणी, मग ताईकडे एकटीनं राहायला जाणं. प्रत्येक वेळी कारण पटण्यासारखं होतं. आई तर म्हणायची, नशीब काढलंस, इतकं जपणारा मिळाला.

आमच्या घराला कधी बाहेरून कुलूप लागलं नाही. लॅचची किल्ली माझ्याकडे होती. म्हणूनच सांगायचं काय, हे कळत नव्हतं.

रात्री झोप यायची नाही. मी स्वयंपाकघरात फ्रिजला पाठ टेकून फरशीवर बसायचे. फ्रिजची मोटर सुरू झाली की पाठीला थरथर जाणवायची, बंद झाली की घर एकदम रिकामं व्हायचं. मोटर चालू असेल तेवढा वेळ रडायचं, असा मी नियम केला होता, आवाज जाऊ नये म्हणून. एका रात्री मोटर बंद झाली तेव्हा मी मान वर केली, तर बेडरूमच्या दाराखालच्या फटीतून मोबाइलचा निळसर उजेड दिसला. थोड्या वेळानं तो विझला.

तेव्हा फेराला जे कळत नाही, ते मला कळलेलं होतं. तो जागा होता. आज वाटतं, कदाचित घाबरलेला असेल. बाहेर आलो तर काय बोलायचं, हे त्याला सुचलं नसेल. असं म्हणण्याइतकी मी आता निवांत आहे, पण त्या रात्रीचा तो उजेड माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

पुस्तकात फेराला सोडवायला नायक येत नाही, हेही मला फार बरं वाटलं. रात्रीच्या दरबाराचा सरदार रीसँड, ज्याच्याबरोबर ती शेवटी सुखी होणार आहे, तो स्वतः न येता आपल्या चुलत बहिणीला पाठवतो. मॉर तिचं नाव. ती त्या वाड्यात शिरते, भानावर नसलेल्या फेराला उचलते आणि बाहेर घेऊन येते. माझ्याकडे ताई आली होती. कुणाचीतरी व्हॅन मागून आणली होती तिनं. मी फोनवर फक्त म्हटलं होतं, "ताई, मला झोप येत नाही." ती दीड तासात दारात. काय झालं, कुणी काय केलं, एक प्रश्न नाही. दोन बॅगा भरल्या. "अजून काय तुझं?" मी खिडकीतल्या गवती चहाच्या कुंडीकडे बघितलं. ताईनं कुंडी उचलली.

आता रीसँडच्या दरबाराकडे वळते, कारण भाची आणि तिच्या मैत्रिणी या पुस्तकासाठी जीव टाकतात तो त्याच्यामुळे. वसंतातून रात्रीकडे जाणारी मुलगी, आणि सुरुवातीला दर महिन्याचा एक आठवडा तिकडे राहायचा करार. ग्रीक पुराणातली, वर्षाचा काही काळ पाताळात काढणारी पर्सेफोनी आठवायला फार विद्वत्ता लागत नाही. फक्त इथं पाताळ समजलं गेलेल्या राज्यात वेलारिस नावाचं एक शहर निघतं, नदीकाठचं, चित्रकारांच्या वस्तीचं, पाच हजार वर्षं जगापासून लपवून ठेवलेलं. रीसँड देखणा आहे, त्याला पंख फुटतात, खजिन्याला अंत नाही. मान्य. एकदा ठाणे स्टेशनवर उतरून जिना चढायच्या गर्दीत मला वाटून गेलं की इतकी संपत्ती आणि इतका निवांत वेळ असेल तर मीही कुणालाही बरं केलं असतं.

पण लेखिकेला बरं होणं माहीत आहे. मोठमोठे प्रसंग बाजूला ठेवा, मी छोट्या प्रसंगांबद्दल बोलतेय. फेराला वाचता येत नाही. पहिल्या भागात त्यापायी तिचा जीव जाता जाता राहिलेला असतो. भिंतीवर लिहिलेलं कोडं तिला लागत नाही. रीसँड पहिल्याच आठवड्यात तिला टेबलाशी बसवून अक्षरं गिरवायला लावतो, आणि गिरवायला वाक्यं देतो ती स्वतःच्या स्तुतीची. रीसँड किती देखणा, रीसँड किती हुशार. ती संतापते आणि संतापाच्या भरात वाचायला लागते. महिनोन्‌महिने मेल्यासारख्या वावरणाऱ्या मुलीला आधी राग यावा, हे मला फार खरं वाटलं. मलाही पहिल्यांदा जे परत आलं तो रागच होता, आणि तो निघाला ताईच्या मिक्सरवर.

रात्रीचं ओकणं वेलारिसमध्येही थांबत नाही. एका रात्री तिला इतकं भयंकर स्वप्न पडतं की झोपेतच हातांतून आग निघून अंथरूण जळायला लागतं. रीसँड येतो. ती न्हाणीघराकडे धावते, तो मागून तिचे केस धरून ठेवतो आणि सांगतो, श्वास घे, आणि ही आग म्हणजे मेणबत्त्या आहेत असं समज, एकेक विझव. एवढंच. पहिल्या भागभर तलवारी आणि राक्षस होते, पण दोन पुरुषांमधला फरक लेखिकेनं एका न्हाणीघराच्या दारात दाखवला. एक पलंगावर राहिला, एकानं केस धरले.

आणि तो ताईत. हे मात्र मी भाचीला दोनदा वाचून दाखवलं. कामासाठी फेराला डोंगराच्या पोटातल्या एका तुरुंगात जायचं असतं. दारापर्यंत जाते आणि तिचे पाय उचलत नाहीत. ज्या मुलीनं डोंगराखाली मरण बघितलं, ती दुसऱ्या डोंगरात कशी शिरणार? रीसँड काय करतो, तर तिला परत घरी आणतो. लेक्चर नाही, 'किती दिवस असं चालणार' नाही. मग ॲमरन नावाची त्याची एक जहांबाज जुनी सहकारी तिच्या गळ्यात एक दागिना घालते. सांगते, मी स्वतः त्या तुरुंगात होते, यानंच बाहेर आले, हा असला की तुला कुणी आत ठेवून घेऊ शकत नाही. फेरा जाते, काम करून परत येते. नंतर कळतं, तो साधा दागिना होता, त्यात काहीही नव्हतं.

फॅमिली कोर्टाच्या पहिल्या तारखेला मी गेटवरच अडकले होते. ताईनं पर्समधून कागदाची पुडी काढून माझ्या मुठीत दिली. आजीच्या गावच्या देवीचा अंगारा म्हणे, मुद्दाम मागवलेला. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तरी मूठ आवळून मी आत गेले. संध्याकाळी घरी येऊन पुडी उघडली तर वास ओळखीचा. ताईच्या देवघरातल्या उदबत्तीची राख, चंदन, पंचवीस रुपयांच्या पुड्यातली. विचारलं तर म्हणाली, "मग? गेलीस ना आत?"

ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये अशा आघातांतून सावरण्याचे टप्पे मांडले: आधी सुरक्षित वाटणं, मग झालेलं आठवून त्याचा शोक करणं, मग माणसांत परत येणं. मी ते समुपदेशक बाईंकडे ऐकलं होतं आणि लगेच विसरलेही होते. कादंबरी वाचताना आठवलं, कारण फेराचा प्रवास जवळजवळ त्याच पायऱ्यांनी जातो. आधी नुसती झोप आणि जेवण. ब्रश हातात धरायला तर फार उशीर लागतो. ज्या मुलीला चित्रं काढल्याशिवाय चैन पडत नव्हतं, ती पुस्तकाचा मोठा भाग कोरी राहते, आणि मग बर्फातल्या एका झोपडीत एकटी असताना भिंती रंगवायला लागते. मी मोडी परत सुरू केली ती वेगळं झाल्यावर चार वर्षांनी. पहिल्या दिवशी रेघसुद्धा सरळ आली नव्हती.

झोपडीतच तो सूपचा प्रसंग आहे. तोवर फेराला कळलेलं असतं की आपण आणि रीसँड दैवानं बांधलेले सोबती आहोत, आणि हे त्याला आधीपासून माहीत असून त्यानं सांगितलेलं नव्हतं. ती चिडून निघून येते. तो आल्यावर आपली सगळी कहाणी सांगतो. अमारँथाच्या दरबारात जवळजवळ पन्नास वर्षं त्यानं काय सोसलं, तेही आधी उघड झालेलं असतं. पुरुषावर झालेल्या अत्याचाराबद्दल इतक्या सरळपणे लिहिलेलं प्रेमकथांत मी तरी कमी वाचलंय. बरं व्हायचं आहे ते दोघांना, आणि कुणी कुणाचा डॉक्टर नाही. त्या लोकांत रीत अशी, की स्त्रीनं पुरुषापुढे स्वतः अन्न ठेवलं म्हणजे तिनं नातं स्वीकारलं. तो बोलून संपतो. ती त्याच्यापुढे सूपचा वाडगा ठेवते.

आधी मी वैतागले. एवढी जादू, एवढे पंख, आणि शेवटी बाईनं वाढायचंच का! पण चार दिवस तो वाडगा डोक्यातून जाईना. अडीच वर्षं मी रोज दोन वेळा ताट वाढलं, त्याला काहीच अर्थ नव्हता, कारण न वाढणं शक्यच नव्हतं. फेरा सगळं ऐकून घेते, विचार करते, वाडगा पुढे ठेवणार नाही अशीही एक शक्यता त्या खोलीत शेवटपर्यंत असते, आणि मग ती ठेवते. शेवटाकडे कळतं की रीसँडनं तिला सरदारीण केलंय, बरोबरीची. तसलं पद नसतं, असं जे टॅमलिन म्हणाला होता, ते खरंच कधी नव्हतं. यांनी केलं.

भाचीशी माझं भांडण मात्र आहे. पहिल्या भागात याच रीसँडनं फेराचा मोडलेला हात पिरगाळलाय, दारू पाजून रात्रीमागून रात्री तिला दरबारात नाचवलंय. दुसऱ्या भागात कळतं की हे सगळं राणीला चकवण्यासाठीचं सोंग होतं, तिला वाचवण्यासाठीच होतं. मला हे पचत नाही. एखाद्याला उजळवायचं म्हणून मागचं सगळं धुऊन काढायचं, आणि दुसऱ्याला एकाही चुकीची माफी नाही? वर तो पाचशे वर्षांचा आणि ती विशीतली. "मावशी, फॅन्टसी आहे," असं भाची म्हणते. मी म्हणते, बाई गं, पाचशे वर्षांच्या पुरुषाला एवढीही अक्कल नसेल तर जगून उपयोग काय.

तरी आवडलं. अजिबात हातचं न राखता आवडलं. मग तिसरा भाग वाचला, आणि पुढचेही.

आणि २०२१ चा, पाचवा. त्यात फेराला दिवस जातात. बाळाला पंख आहेत, तिच्या शरीरातून ते सुखरूप बाहेर येणार नाही, बाळंतपणात दोघांचाही जीव जाईल, हे वैद्याला कळतं, रीसँडला कळतं, सगळ्या गोतावळ्याला कळतं. फेराला सोडून. तो कुणालाही तिला सांगू देत नाही. तिला त्रास नको म्हणून. तिची बहीण नेस्ता भांडणाच्या भरात ते तिच्या तोंडावर फेकते, तेव्हा तिला कळतं.

मी रात्री अकरा वाजता भाचीला फोन लावला. "हा तोच आहे ना गं, केस धरणारा?"

"तोच. मला तीन दिवस जेवण गेलं नव्हतं," ती म्हणाली.

"काय म्हणतो तर काळजी!"

"केलेली," भाची म्हणाली. "घेतलेली नाही." मीच तिला हे व्याकरण शिकवलं होतं.

बराच वेळ बोललो. तिच्या मैत्रिणींतही यावरून दोन तट पडलेत म्हणे. एक म्हणतो लेखिकेनं पात्राचं वाटोळं केलं, दुसरा म्हणतो प्रेमात माणूस घाबरतो, चुकतो. भाचीला दोन्ही पटत नाही. तिचं म्हणणं, चुकला तो चुकला, पण फेरा इतक्या पटकन माफ कशी करते? निदान शंभर पानं तरी भांडायला हवी होती. "तुझ्या वेळी कोण भांडलं?" तिनं एकदम विचारलं.

या विषयावर ती माझ्याशी कधी बोललेली नव्हती. मी म्हटलं, "तुला काय माहीत माझ्या वेळचं? तू पाच वर्षांची होतीस."

"मी होते ना गाडीत," भाची म्हणाली. "मागच्या सीटवर. आईनं सांगितलं होतं, मावशी रडली तर बघायचं नाही, आणि ही कुंडी मांडीवर घट्ट धरायची, सांडली तर बघ. माझ्या फ्रॉकवर सगळी माती झाली होती. मला वाटलं, आपण कुंडी आणायलाच गेलो होतो."

फोन ठेवल्यावर मी गॅलरीतला दिवा लावला. मूळची कुंडी कधीच तडकली, आता रंगाच्या डब्यात आहे तो. पावसानं पात्या बेसुमार वाढल्यात, कापायला झाल्यात.